धूर कुठून येतो

पाइपातून धूर येत नव्हता. कौलांतून येत होता. पहिली पाळी संपवून खोपोलीहून घरी येताना लोधिवलीच्या फाट्याला गाडी वळवली की आधी आमच्या घराच्या डोक्याकडे बघायचं, ही खोड मला गेल्या महिन्याभरात लागली होती. त्या दिवशीही बघितलं. आढ्याच्या वर तीन फूट काढलेला पाइप कोरडा ठाक उभा होता आणि कौलांच्या फटीफटीतून पिवळट धूर गळत होता. खरं सांगतो, मला आधी राग आला. भीती नाही, राग. अंगणात गाडी लावतानाच मी ओरडलो, "आई, किती डाव सांगितलं तुला, ओली लाकडं घालू नको म्हणून!" आतून फुंकणीचा आवाज तेवढा येत होता. फूऽऽ. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा फूऽऽ. मी हेल्मेट काढलं, आरशाला अडकवलं, डबा काढून घेतला, गाडीचं लॉक केलं. एवढा सगळा वेळ होता माझ्याकडे.

धुराचं मला कुणी शिकवावं, असा मी माणूस नाही. बावीस वर्षं बॉयलरवर आहे मी. सर्टिफिकेट आहे, सरकारी परीक्षा देऊन मिळवलेलं. कारखान्याच्या चिमणीकडे नुसतं बघून मी सांगतो की आत हवा कमी पडतेय का जास्त होतेय. काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढुरका म्हणजे पाणी, आणि काहीच दिसत नसेल तर जगदीश ड्यूटीवर आहे, असं आमच्या डिपार्टमेंटला म्हणतात. नवीन पोरं येतात इंजिनिअर होऊन, त्यांना मी भट्टीच्या तोंडाशी उभं करून ड्राफ्ट म्हणजे काय ते समजावतो. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर, मधे आग. एवढंच. आग स्वतःच श्वास घेते, आपण फक्त तिचं नाक मोकळं ठेवायचं. हे वाक्य माझं आहे आणि मला ते फार आवडतं. किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. पारूबाईला, म्हणजे माझ्या आईला, कधी ऐकवलं नाही. तिला काय करायचंय, असं वाटायचं.

आईची छाती गणपतीच्या सुमारास भरली ती भरलीच. खोपोलीच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरून मला दाखवला आणि विचारलं, घरात कोण सिगारेट ओढतं? कुणी नाही म्हटल्यावर त्यानं विचारलं, मग चूल? आईनं मान खाली घातली. चोरी पकडल्यासारखी. पन्नास वर्षांचा धूर आहे हा, डॉक्टर म्हणाला, अजून एक पावसाळा असाच गेला तर घरात ऑक्सिजनचं मशीन आणावं लागेल, नाहीतर त्याचीही गरज उरणार नाही. चूल बंद. अपेक्षानं, माझ्या बायकोनं, त्याच संध्याकाळी फुंकणी माळ्यावर टाकली. घरात गॅस होताच, वीस वर्षं होता. पण आई गॅसपाशी उभी राहायची ती परक्याच्या ओसरीवर उभं राहावं तशी. बटण फिरवायची, दचकायची, बंद करायची. आठ दिवसांत तिनं जेवण अर्ध्यावर आणलं. "गॅसच्या भाकरीनं पोट भरतं रं, पन जेवल्यासारखं वाटत नाय," म्हणाली. माझा बाप सोमा गेल्यापासून ती दुपारभर चुलीपाशीच बसायची, काही शिजत नसलं तरी. निखारे सारत बसायची. त्या आठ दिवसांत ती थंड चुलीपाशी बसलेली बघून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आई, चूल नाय बंद करायची. धूर बंद करायचा. ते माझं काम हाय. बॉयलरवाला हाय ना मी?" ती हसली. खूप दिवसांनी हसली होती. अपेक्षा मात्र म्हणाली, "डॉक्टर चूल बंद म्हणालाय, धूर बंद नाही." मी तिला म्हटलं, "डॉक्टरला ड्राफ्टमधलं काय कळतं?"

मग चूल निवडायची. गावातच हिरूबाई आहे, मातीच्या निर्धूर चुली घालते, कुठल्या संस्थेनं शिकवलेलं तिला. दोन तोंडं, मागे सिमेंटचा पाइप. आसपासच्या वाड्यांत तिच्या साठसत्तर चुली पेटतात. अपेक्षा म्हणाली, तिलाच बोलवा, ती बायकांना नीट समजावून सांगते. मला पटेना. माती तडकते, पाइपाचं माप बाई वितीनं घेणार, आणि मुळात मी असताना गावातल्या बाईनं माझ्या घरात भट्टी बसवायची म्हणजे उंटावरचा शहाणा मीच ठरायचो. शिळफाट्याला नवीन नावाचा एक फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडे लोखंडी चुली होत्या. एक पंख्याची होती, बॅटरीवर चालणारी. ती नको, आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही. दुसरी साधी, जाड पत्र्याची, आत जाळी, जाळीखाली राखेचा खण, आणि तळाशी गोल फिरवून बोटबोट रुंदीची चौदा भोकं. मी गुडघ्यावर बसून ती भोकं मोजली. त्यांचं क्षेत्रफळ आणि पाइपाचं क्षेत्रफळ मनात मांडलं, जमत होतं. नवीनला म्हटलं, ज्यानं ही चूल काढलीय त्याला अक्कल आहे. त्या भोकांवर भाळूनच मी ती घेतली, ही गोष्ट आता मला रात्रंदिवस कुरतडते.

बसवली त्या रविवारी घरात जत्रा. शेजारपाजारच्या बायका, दोनचार माणसं, हिरूबाईसुद्धा आली होती. मी छपरातून पाइप काढला, कौलांपाशी पत्रा मारून पाणी गळायची सोय बंद केली, चार बोटांएवढ्या वाळल्या ढलप्या घातल्या आणि पेटवली. चुलीच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरला. तो सुळ्ळकन आत ओढला गेला. बायका "अगं बया!" म्हणाल्या. मग मला चेव आला. खालून गार हवा, वरून गरम हवा, मधे आग, नाक मोकळं ठेवायचं, सगळं ऐकवलं. माणसं ऐकत होती, मी माणसांकडे बघून बोलत होतो. आई पार मागे, दाराला टेकून उभी होती. माझं सांगून संपल्यावर ती तिथूनच म्हणाली, "याला सारवायचं कसं रं?" सगळे हसले. मी पण हसलो. म्हटलं, "तुझी चूल हाय बाय, सारव नायतर पावडर लाव!" मग तर सगळे खूपच हसले. चहा झाला. नव्या चुलीवरचा पहिला चहा. घरात धुराचा वास नव्हता आणि आई दोनदा म्हणाली, "डोळं नाय झोंबलं, बघ."

सारवण्याचं म्हणाल तर ते तिचं जुनं आहे. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या सासूनं तिला पहिली गोष्ट शिकवली ती ही, की उजाडायच्या आत चूल सारवलेली पाहिजे. शेणमातीचा हात, वर राखेच्या पाण्याचा हात, आणि कडेनं बोटांची वेलबुट्टी. गरिबी असू दे, सांडग्या-चिंचोक्यांवर दिवस काढायचे असू देत, चूल कोरी करकरीत. कारण वरच्या आळीतल्या बायका कामाचा सांगावा घेऊन यायच्या तेव्हा उंबऱ्याबाहेर उभ्या राहून आत डोकवायच्या. पाणी घ्यायच्या नाहीत. नजर मात्र थेट चुलीवर. ह्यांच्यात कसं असतं बघू या, अशी नजर. आजी म्हणायची, "बघू दे. डोळं भरून बघू दे." धर्म बदलला, दिवस बदलले, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर आला, त्या आळीतल्या बायका आता आमच्याकडे हळदीला, लग्नाला जेवून जातात. पण आईनं चूल एक दिवस उघडी ठेवली नाही. तापात असली तरी उठायची. लहानपणी मी अंथरुणातून बघायचो, तिचा हात गोल फिरायचा आणि ओल्या शेणाचा वास यायचा, आणि मला वाटायचं सगळं ठीक आहे. त्या लोखंडी चुलीलाही तिनं चारआठ दिवसांत असाच अंगरखा चढवला. मी बघितलं की. रोज बघत होतो. काळा पत्रा दिसेनासा झाला, करड्या रंगाची गुळगुळीत चूल, कडेला वेलबुट्टी. मी अपेक्षाला म्हणालोसुद्धा, "बघ, आईनं लोखंडाला पण माणसात आणलं."

धूर सुरू झाला तो त्याच आठवड्यात. आधी थोडा. मग तोंडातून भसाभसा. मी पहिल्यांदा लाकडं धरली. ओली आहेत म्हणून आईला बोललो, सगळा ढीग उन्हात पसरला, वर ताडपत्री. तरी धूर. मग पाइप आढ्याच्या खाली पडतोय, वारा घाटाकडून उलटा येतोय, असं ठरवून पाइप तीन फूट वाढवला. तरी धूर. मग पाइपाचं काटकोनातलं वळण काढून दोन तिरकी वळणं घातली, सबंध सुट्टी त्यात गेली. एक दिवस चांगली जळाल्यासारखी वाटली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोरीला गोणपाटाचा बोळा बांधून पाइप आरपार ओढला, चिमूटभर काजळी निघाली. नवीनला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, लाकडं ओली असतील." मी फोन आपटला. हिरूबाई अंगणात येऊन म्हणाली, "जगूभाऊ, मी जरा बघू का?" मी म्हटलं, "नको, तुमच्या मातीच्या चुलीसारखं नाय हे." ती गेली. कारखान्यात भट्टीसमोर उभा असताना मी मनातल्या मनात घरच्या पाइपात शिरायचो, खालून वर, वरून खाली. नेहमी पाइपातच. झोपेतही. मला माझ्या घरातला ड्राफ्ट सापडत नव्हता आणि ही गोष्ट डिपार्टमेंटमध्ये कुणाला कळली तर, ह्याच्याच भीतीनं मी आत कुढत होतो. आईच्या छातीचं, खोटं कशाला बोलू, मधल्या काळात मला विसरायला झालं होतं. ती खोकायची आणि मला तो खोकला माझ्या चुलीत काढलेल्या खुसपटासारखा वाटायचा.

कौलांतून धूर दिसला त्याच्या आदल्या दिवशी तर मी कहर केला. कामावरून येऊन बघतो तर घरभर धूर, अपेक्षा डोळे पुसत अंगणात, म्हणतेय, "पुरे झालं आता, काढून टाका ती." मी आईकडे वळलो. म्हटलं, "मशीनमध्ये काय दोष नाय. तुलाच पेटवता येत नाय. पन्नास वर्षं चूल पेटवतेस आणि साधी आग धरता येत नाय तुला?" तिनं पदरानं कपाळ पुसलं, राखेचा पट्टा उमटला. मग हळूच म्हणाली, "उद्या पेटंल." मी म्हटलं, "बघू."

हे सगळं डबा हातात घेऊन दारापर्यंत चालताना माझ्या डोक्यात होतं असं नाही. हे मागाहून येतंय. तेव्हा मी फक्त रागात आत शिरलो. धुरात आधी काही दिसेना. मग ती दिसली. चुलीसमोर उकिडवी, फुंकणी तोंडाला, माळ्यावरून तिनं ती कशी काढली कुणास ठाऊक. गाल फुगवायची, पण हवा येत नव्हती. ओठ जांभळे. माझ्याकडे बघून तिनं फुंकणी बाजूला केली आणि एकेक शब्द ओढून म्हणाली, "तू यायच्या आत... पेटवून... दाखवनार व्हते." आणि कुशीवर कलली. मी तिला उचललं. काहीच वजन नव्हतं. शेजारच्या दत्तानं रिक्षा काढली. अख्ख्या रस्त्यात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजत होती, वाफ कोंडली की आमच्या जुन्या व्हॉल्व्हची वाजते तशी. मला व्हॉल्व्ह आठवला. आई मरतेय आणि मला व्हॉल्व्ह आठवला.

दवाखान्यात तिला मास्क लावला, सलाइन लावलं. डॉक्टरनं माझ्याकडे नुसतं बघितलं. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षाला तिथे बसवून मी आईचे कपडे न्यायला घरी आलो. दार उघडलं, सारवणाचा वास आला आणि मी खाली बसलो. तेवढ्यात हिरूबाई भाकऱ्या घेऊन आली. "पारूवैनी कशा हायत?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हायत." ती आत आली, फडकं ठेवायला वाकली, आणि चुलीकडे बघतच राहिली. मग तिनं चुलीच्या बुडाशी बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. म्हणाली, "भाऊ, हे कुनी लिंपलं?"

मी वाकून बघितलं. तळाशी जिथे चौदा भोकं होती तिथे भोकं नव्हती. करडी, गुळगुळीत, सलग माती होती, रोजच्या रोज हात फिरून पत्र्यापेक्षा घट्ट झालेली, आणि नेमकी त्यांच्यावरूनच वेलबुट्टी फिरलेली. हिरूबाई पुटपुटली, "मी बायांना चूल घालून देते ना, तवा सर्वात पैलं हेच सांगते. हे भोक तेवढं सारवायचं नाय गं बायो. बायकांचा हात जातोच. बुजवल्याशिवाय आपल्याला करमत नाय." ती मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दाराला टेकून उभी असलेली आई, सारवायचं कसं रं, आणि माझं ते पावडर लाव, आणि सगळे हसतायत, मी सगळ्यांत मोठ्यानं. एवढीच तर गोष्ट तिला हवी होती माझ्याकडून. बावीस वर्षं नाक मोकळं ठेवा, नाक मोकळं ठेवा सांगत फिरलो, आणि जिला सांगायचं तिला विनोद सांगितला.

मी स्क्रूड्रायव्हर आणला. एकेक भोक फोडलं. माती बोटाच्या आकाराचे तुकडे होऊन निघत होती. मग दोन ढलप्या घातल्या आणि काडी लावली. धडाडून पेटली. कागदाचा कपटा सुळ्ळकन आत. बाहेर येऊन वर बघितलं, पाइपातून धुराची बारीक रेघ सरळ आभाळात, कौलं साफ. आणि मला आनंद झाला. लपवून काय करू? छातीतलं ओझं उतरल्यासारखा, उडी मारावीशी वाटावी असा आनंद झाला. पाइप बरोबर होता. माप बरोबर होतं. मी बरोबर होतो. हिरूबाई दारात उभी राहून माझं तोंड बघत होती. मग ती निघून गेली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा आईचा मास्क काढला होता, नाकात नळी होती. बरी दिसत होती. अपेक्षा तिचे केस विंचरत होती. मला बघितल्याबरोबर आईनं विचारलं, "पेटली का रं?" तीन दिवसांत तिचं पहिलं धड वाक्य. येताना रस्त्यात मी ठरवलं होतं काय सांगायचं ते. सांगायचं की चूलच खोटी निघाली, नवीनला परत दिली, मीच फसलो. एवढं सोपं होतं. शिळफाट्याच्या सिग्नलला मी ते मोठ्यानं म्हणूनसुद्धा बघितलं होतं. आणि आता ती माझ्याकडे बघत होती, अपेक्षाही बघत होती, आणि अपेक्षाच्या नजरेत ते होतं, काढून टाका म्हणाले होते ना मी. माझ्या तोंडातून निघालं, "पेटली. मस्त पेटली. चुलीत काहीच दोष नव्हता. खालची हवेची भोकं लिंपली होतीस तू."

अपेक्षाचा हात केसांत थांबला. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "कुटली भोकं?" मी सांगितलं. आता सांगितलं. खालून गार हवा, वरून गरम हवा, सगळं नीट, हातवारे करून. तिला असं पहिल्यांदाच सांगितलं आणि ती एका फटक्यात समजली. "म्हंजे रोज सकाळी उठून मी..." एवढंच म्हणाली. मी घाईनं म्हटलं, "जाऊ दे ना आई, आता कळलं ना. आता घरी आलीस की कणभर धूर होणार नाय." अपेक्षा दबक्या आवाजात म्हणाली, "गप बसा हो तुम्ही. हात जोडते, गप बसा."

आईनं दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले. उलटे केले, सुलटे केले. नखांत अजून करडी माती होती. मग तिनं ते हळूहळू चादरीखाली नेले, सलाइनच्या नळीसकट. थोड्या वेळानं सिस्टर आली, सुई बदलायची होती. "आजी, हात बाहेर काढा." आईनं मान हलवली. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी खाटेच्या कडेला बसलो, वाकलो, लहान मुलाला सांगतात तसं म्हटलं, "आई, हात दे. सुई लावायचीय. दे ना गं." ती भिंतीकडे बघत होती. मी चादरीत हात घालून तिचं मनगट धरलं, तर तिनं मूठ आवळली आणि त्या एवढ्याशा अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून हात पोटाशी ओढून घेतला.